कसं संपलं ते विचारायचं नाही

रात्रीचे सव्वादोन. फेरी सलग तिसऱ्या दिवशी रद्द.
वाळवणाच्या खोपटाच्या फटींतून वारा
टांगलेल्या मेंढीचा वास थेट स्वयंपाकघरात आणतोय.
आणि माझा नवरा, ट्रोंडुर, बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री,
कधी न पाहिलेल्या एका माणसाला विचारतोय :
"प्राणवायूचा आकडा दिसतोय का? लाल?
दिसत असेल तर आधी खेळातून बाहेर पड.
बोलू नंतर."

मी लोकरीचा गुंडा करत बसलेली. झोप केव्हाच उडालेली.

तिकडे पराग्वेत, एन्कार्नासिओनच्या बसस्थानकावर
एलिखियो नावाचा रात्रपाळीचा रखवालदार
(एवढंच कळलं, तेही त्यानेच सांगितलं म्हणून)
एका विझलेल्या ताऱ्यापाशी टाकी कोरडी करून बसलाय.
सहा आठवडे एकटाच चाललेला.
कुणी न पाहिलेले एकशे चाळीस ग्रह त्याच्या वहीत,
त्यातल्या एकाला आपल्या कुत्रीचं नाव दिलंय.
जहाज गेलं तर वहीही गेली.

"अकरा मिनिटांचा श्वास उरलेला," ट्रोंडुर सांगतो,
जसं काही आपल्याच खाडीत कुणी गटांगळ्या खातंय.
"आता घड्याळ थांबलं. तो बाहेर आहे तोवर जिवंत आहे."
बाहेर म्हणजे, बसस्थानकावर?
"हो."

लष्कराच्या भाकऱ्या, मी म्हणते.
"भाकऱ्या कसल्या, चार टाक्या," तो म्हणतो,
आणि उडी मारतो. मग आणखी एक. मग आणखी एक.
तार्तूची एक दंतवैद्य त्याच्या उजव्या हाताला,
होबार्टचा एक पोरगा मागे, ज्याची उद्या गणिताची परीक्षा आहे.
पडद्यावर तारे रेघा होतात, पुन्हा ठिपके होतात.
कॉफी निवते. मी दुसरी करते.
पैसे? नाहीत. बक्षीस? नाही.
त्यांचा नियम एकच, ट्रोंडुरने तो टाकीवर खडूने लिहावा तसा
टेबलाच्या कडेवर लिहून ठेवलाय :
कसं संपलं ते विचारायचं नाही.
ज्याचं संपतं त्याला ठाऊक असतं.

चार वाजून दहा मिनिटं.
"ये आत. दिवा लाव. हलू नकोस."
अंधारात एक ठिपका लुकलुकतो,
आमच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याएवढा.
नळी जोडली जाते. काटा थरथरतो, चढतो.
एलिखियो एकच शब्द लिहितो. आम्हाला तो येत नाही.
स्पॅनिश नाही, दंतवैद्य म्हणते.
पोरगा झोपायला जातो.

ट्रोंडुर पाठ ताणत खिडकीशी उभा राहतो.
समोर होग्नीचं घर. त्याच्या सख्ख्या भावाचं.
वडिलांच्या बोटीवरून नऊ वर्षं अबोला.
दोघं सहकारी दुकानात एकाच रांगेत उभे राहतात
आणि दुधाच्या किमतीकडे बघतात.
होग्नीच्या धुराड्यातून धूर नाही.
काल होता का? मला आठवत नाही.
तेलाची गाडी फेरीनेच येते,
आणि फेरी, सांगितलं ना.

तो बराच वेळ काही बोलत नाही.
मग चारशे प्रकाशवर्षं जाऊन आलेला हा माणूस
दारात आपला डावा बूट शोधू लागतो.

सव्वीस पावलं. मी मोजली.
हातात आमच्या टाकीतून काढलेला वीस लिटरचा कॅन,
वाऱ्याने एकदा त्याला कुंपणावर आदळलं.
दार उघडलं. होग्नी, पांघरुणासकट.
दोघांची तोंडं हलली की नाही
काचेवरच्या पाण्यामुळे दिसलं नाही.

पाच मिनिटांनी ट्रोंडुर परत दारात.
केसांतून पाणी गळतंय, चेहऱ्यावरून काही कळेना.
"नरसाळं कुठंय?" म्हणाला.

मी जिन्याखाली बोट दाखवलं.
बाकी काही विचारलं नाही.